डावा डोळा

लॉर्ड्सच्या छापील धावपत्रिका एकेकाळी एक भेद कसोशीने पाळत. हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. पोटासाठी खेळणाऱ्याचे नाव उलटे छापले जाई. साहित्याच्या अभ्यासकांनी या छपाईकडे जरूर पाहावे. वर्गव्यवस्था इतक्या थोड्या जागेत क्वचितच लिहिली गेली असेल. इंग्लिश क्रिकेटने हा भेद १९६२च्या अखेरीस मोडीत काढला. नॉर्थम्प्टनशरकडून १९६० मध्ये खेळू लागलेला कॉलिन मिलबर्न हा त्या उलट्या नावांपैकी एक.

तो डरहॅममधील बर्नॉपफील्डचा, कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. १९५९ साली दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाविरुद्ध, वयाच्या १७व्या वर्षी, त्याने डरहॅमकडून शतक केले. (आपल्याकडे तो दौरा आठवतो तो पाचही कसोट्या गमावल्याबद्दल.) डरहॅमला तेव्हा प्रथम श्रेणीचा दर्जा नव्हता, खेळावर पोट भरायचे तर घर सोडणे भाग होते. नॉर्थम्प्टनशरने वॉरिकशरपेक्षा आठवड्याला १० शिलिंग अधिक देऊ केले म्हणून तो तिकडे गेला, असे सांगतात.

वजन १८ स्टोनच्या घरात, म्हणजे शंभर किलोंच्या बरेच वर. १९६६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या पदार्पणात पहिल्या डावात शून्यावर धावचीत, दुसऱ्यात ९४. पुढच्याच कसोटीत लॉर्ड्सवर नाबाद १२६. तरीही त्याच मालिकेच्या अखेरच्या कसोटीतून त्याला वगळले गेले. क्षेत्ररक्षणात शरीर आड येते, हे कारण. मिलबर्नविषयी पुढे जे लिहिले गेले त्यात हा लठ्ठ, हसरा, बिअरप्रेमी गडी सतत पुढे येतो. आम्हांला ही प्रतिमा संशयास्पद वाटते. विनोदी पात्राच्या वाट्याला आलेले नुकसान वाचकाला तितकेसे बोचत नाही.

कारण फलंदाजी विनोदी मुळीच नव्हती. नोव्हेंबर १९६८ मध्ये ब्रिस्बेनच्या उकाड्यात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून खेळताना उपाहाराला तो ६१वर होता, चहापानाला २४२वर. एका सत्रात १८१ धावा! त्यानंतर लगेच २४३वर बाद. मार्च १९६९ मध्ये कराचीत त्याने १३९ केल्या. प्रेक्षकांच्या दंगलीमुळे तो सामना अर्धवट सोडावा लागला. नऊ कसोट्या, ६५४ धावा, सरासरी ४६.७१, हा हिशेब तिथेच थांबला.

२३ मे १९६९ रोजी मोटार अपघातात त्याचा डावा डोळा गेला. वय २७.

इथे मन्सूर अली खान पतौडींची आठवण अपरिहार्य आहे. १९६१ मध्ये होव्ह येथे मोटार अपघातातच त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि त्याच वर्षाअखेर ते भारताकडून पहिली कसोटी खेळले. पण दोघेही उजव्या हाताने खेळणारे. असा फलंदाज उभा राहतो तेव्हा डावा डोळा गोलंदाजाच्या बाजूला असतो, उजवा मागे. पतौडींचा पुढचा डोळा शाबूत राहिला. मिलबर्नचा नेमका तोच गेला. पतौडींचा पराक्रम यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र 'जिद्द असेल तर' अशी सुरुवात करून त्यांचे उदाहरण मिलबर्नपुढे धरणाऱ्याने दोन्ही डोळ्यांच्या जागा आधी तपासाव्यात. शिवाय एकामागे संस्थान होते, दुसऱ्यामागे बॅट.

१९७३ आणि १९७४ मध्ये तो पुन्हा नॉर्थम्प्टनशरकडून उतरला. आधीच्या २३ प्रथम श्रेणी शतकांत एकाचीही भर पडली नाही.

२८ फेब्रुवारी १९९० रोजी, ४८व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. डरहॅम प्रथम श्रेणीत खेळू लागला तो १९९२ मध्ये. त्याच्या आयुष्यातील शेवटच्या दिवसावर 'व्हेन द आय हॅज गॉन' हे नाटक २०१६ मध्ये आले आणि कौंटी मैदानांवर फिरले. डगी ब्लॅक्सलँड हे नाटककाराचे टोपणनाव; मूळचा जेम्स ग्रॅहम-ब्राउन, स्वतः केंट आणि डर्बीशरकडून खेळलेला. त्यातली सगळी पात्रे एकच नट वठवतो.