उष्ण कटिबंधीय कुरणांची सुधारणा

उष्ण कटिबंधातील गुरांच्या कुरणांचे उत्पादन व पोषणमूल्य वाढविण्याचे दोन प्रमुख मार्ग विसाव्या शतकात विकसित झाले : कुरणात शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) वनस्पती लावणे आणि गवतास नायट्रोजनयुक्त खत देणे. जमिनीतील नायट्रोजनाची उणीव भरून काढणे हे दोहोंचेही उद्दिष्ट होय. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात हे दोन्ही मार्ग विस्तृत प्रमाणावर व दीर्घकाळ पारखले गेले. त्यामुळे या विषयाचा इतिहास बव्हंशी तेथील अनुभवावर आधारलेला आहे.

मूळ प्रश्न : क्वीन्सलँडच्या किनारपट्टीलगतच्या विरळ वनांखाली प्रामुख्याने कुसळी गवत वाढते. महाराष्ट्रातील माळरानांवर व डोंगरउतारांवर आढळणारे कुसळी गवत ते हेच. पावसाळ्याच्या आरंभी ते कोवळे व सकस असते. परंतु फुलोरा आल्यावर त्यातील प्रथिनांचे प्रमाण झपाट्याने घटते. वैरणीतील प्रथिने सु. ६–७ टक्क्यांच्या खाली गेली म्हणजे रोमंथिकेतील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजंतूंची वाढ खुंटते, तंतुमय चाऱ्याचे पचन मंदावते आणि जनावर पोटभर खाणेही सोडून देते. डोळ्यांसमोर उभ्या गवताचा सागर असताना गुरे खंगत जातात ती यामुळेच. उन्हाळ्यातील पावसात मिळविलेल्या वजनाचा मोठा भाग कोरड्या हिवाळ्यात गमवावा लागत असल्याने मांसासाठी पाळलेला गोऱ्हा विक्रीयोग्य होण्यास तेथे ४ ते ५ वर्षे लागत. दुष्काळी वर्षी ही झीज मृत्यूपर्यंत जाई.

शास्त्रीय पार्श्वभूमी : शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, हे हेरमान हेलरीगेल व हेरमान व्हिलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६–८८ या काळात सिद्ध केले. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी हे सूक्ष्मजंतू वेगळे काढले. दुसऱ्या मार्गाचा पाया १९१३ मध्ये घातला गेला. त्या वर्षी जर्मनीतील ओपाऊ येथे हाबर-बॉश पद्धतीने अमोनियाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले व हवेतील नायट्रोजन पोत्यात भरून विकणे शक्य झाले.

समशीतोष्ण प्रदेशात क्लोव्हर व सुपरफॉस्फेट यांच्या जोडीने कुरणांचा कायापालट झाला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हा अनुभव उत्तरेकडे तसाच नेण्याचे प्रयत्न मात्र फसले, कारण क्लोव्हरला उष्ण व दमट उन्हाळा मानवत नाही. उष्ण कटिबंधासाठी वेगळ्या वनस्पती शोधणे भाग होते.

टाउन्सव्हिल स्टायलो : यांपैकी पहिली वनस्पती कोणी मुद्दाम आणलेली नव्हती. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील स्टायलोसँथिस ह्यूमिलिस ही वर्षायू शिंबावंत वनस्पती विसाव्या शतकाच्या सुरुवातीस टाउन्सव्हिल बंदराच्या परिसरात आपोआप रुजलेली आढळली. पुढे ती गुरांबरोबर व रस्त्यांच्या कडेने पसरत गेली आणि टाउन्सव्हिल स्टायलो या नावाने प्रसिद्ध झाली. ग्लॅडस्टनजवळील रॉड्स बे येथे नॉर्मन शॉ यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. कुसळीच्या कुरणात ही वनस्पती पेरून सुपरफॉस्फेट दिले असता त्याच जमिनीवर अधिक जनावरे पोसली जातात आणि ती लवकर विक्रीयोग्य होतात, असे त्यांवरून दिसून आले. जमीन न नांगरता, नुसते बी फेकून हे साधत असल्याने विस्तीर्ण चराऊ क्षेत्रांच्या मालकांना हा उपाय परवडण्यासारखा होता.

संघटित संशोधन : १९५९ मध्ये राष्ट्रकुल वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन संघटनेने ब्रिझ्बेन येथे उष्ण कटिबंधीय कुरणांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याचे पहिले प्रमुख जॉन ग्रिफिथ्स डेव्हिस हे शिंबावंत वनस्पतींच्या मार्गाचे खंदे पुरस्कर्ते होते. मध्य व दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका येथून वनस्पती गोळा करून त्यांची पारख करण्यात आली. मार्क हटन यांनी मेक्सिकोतून आणलेल्या दोन प्रकारांच्या संकरातून सिराट्रो हा वेलीसारखा वाढणारा वाण तयार केला. १९६० मध्ये तो प्रसारित झाला. डी. ओ. नॉरिस यांनी मुळांवरील सूक्ष्मजंतूंचा अभ्यास केला. अनेक उष्ण कटिबंधीय शिंबावंत वनस्पती आम्ल जमिनीतही तग धरतात. मात्र काहींना विशिष्ट सूक्ष्मजंतूच लागतात. आफ्रिकेतून आणलेल्या लोटोनोनिस या वनस्पतीच्या मुळांवर योग्य सूक्ष्मजंतू मिळेपर्यंत गाठीच धरत नव्हत्या.

खताचा मार्ग : दुसरीकडे प्वेर्त रीको येथे होसे व्हिसेंते-चांडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपियर, गिनी व पँगोला या गवतांना नायट्रोजनाच्या मोठ्या मात्रा देऊन विक्रमी उत्पादन घेता येते, हे १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. क्वीन्सलँडमध्ये ई. एफ. हेन्झेल यांनी नायट्रोजनाच्या दोन्ही स्रोतांची तुलना केली. उष्ण कटिबंधीय गवतांचे उत्पादन दर हेक्टरी काहीशे किग्रॅ. नायट्रोजन देईपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत वाढत जाते. शिंबावंत वनस्पती कुरणात वर्षाला साधारणतः ५० ते १५० किग्रॅ. एवढाच नायट्रोजन स्थिर करतात. बीरवा येथील किनारी पडीक जमिनींवरील प्रयोगांतही भरपूर नायट्रोजन दिलेल्या पँगोला गवतावर मिळालेले मांसाचे उत्पादन शिंबावंत मिश्र कुरणापेक्षा पुष्कळच अधिक होते.

या फरकाचे एक कारण ब्रिझ्बेन शहरातच उजेडात आले. हॅल हॅच व रॉजर स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसावरील संशोधनातून प्रकाशसंश्लेषणाचा एक वेगळा मार्ग स्पष्ट केला. त्यात प्रथम चार कार्बन अणूंचे संयुग तयार होते. उष्ण कटिबंधातील बहुतेक गवते याच मार्गाने अन्न तयार करतात व प्रखर ऊन आणि उच्च तापमान यांचा पुरेपूर लाभ घेतात. शिंबावंत वनस्पतींत हा मार्ग नसतो. म्हणून नायट्रोजन मिळताच गवत उंच वाढून शिंबावंत वनस्पतीस सावलीत कोंडते. दोन्ही मार्ग एकाच कुरणात एकत्र आणणे यामुळे कठीण ठरते. पशुपालकास बहुधा एकाची निवड करावी लागते.

निवडीची कसोटी : दर हेक्टरी उत्पादन हा एकच निकष लावला, तर खताचा विजय निर्विवाद होता. परंतु हे उत्पादन पोत्यातील नायट्रोजनाच्या किंमतीवर आणि मांसाच्या बाजारभावावर अवलंबून होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर खते महागली आणि १९७४ मध्ये गोमांसाचे भाव कोसळले. अमोनियाच्या निर्मितीस नैसर्गिक वायूसारखे इंधन लागत असल्याने खताची किंमत ऊर्जेच्या किंमतीशी बांधलेली असते. मांसासाठीच्या विस्तीर्ण कुरणांना नायट्रोजन देणे तेव्हापासून क्वचितच परवडले. रोजच्या दुधातून रोख उत्पन्न मिळविणाऱ्या व जमीन थोडी असलेल्या दुग्धव्यावसायिकांनी मात्र तो मार्ग पुढेही चालू ठेवला.

शिंबावंत वनस्पतींचा नायट्रोजनही फुकट नव्हता. त्याचे मोल फॉस्फरसाच्या रूपाने द्यावे लागे. ऑस्ट्रेलियाच्या शेतीने वापरलेल्या सुपरफॉस्फेटासाठी लागणारा बराचसा खडक नाऊरूसारख्या बेटांवरून येई, आणि त्या लहानशा बेटाचा मध्यभाग खाणकामाने उजाड झाला. १९७४ अखेर ऑस्ट्रेलियन शासनाने सुपरफॉस्फेटावरील अनुदान काही काळ बंद केले, तेव्हा हा खर्च पशुपालकांना प्रकर्षाने जाणवला. दुसरे मोल संयमाचे होते. सिराट्रोची पाने व वाढणारे शेंडे गुरे खुडतात. जनावरांची संख्या वाढविली की वेल खुरटतो, बी धरत नाही व काही वर्षांत कुरणातून नाहीसा होतो. खताने पोसलेले गवत जड चराई सोसते. सिराट्रो ती सोसत नाही. अनेक ठिकाणी सिराट्रो लोप पावला, त्यास अतिचराई हे एक प्रमुख कारण होते.

रोगाचा आघात : याच सुमारास सर्वांत मोठा धक्का बसला. अँथ्रॅक्नोज हा कवकजन्य रोग १९७३ च्या सुमारास टाउन्सव्हिल स्टायलोवर दिसू लागला व पुढील काही वर्षांत या वनस्पतीची कुरणे जवळजवळ नष्ट झाली. एका अरुंद आनुवंशिक पायाच्या वनस्पतीवर संबंध प्रदेशाची सुधारणा उभी करण्यातील धोका यामुळे स्पष्ट झाला. सुदैवाने संग्रहातील इतर जातींची पारख आधीच चालू होती. त्यांपैकी स्टायलोसँथिस हमाटाचा व्हेरानो (१९७३) व स्टायलोसँथिस स्काब्राचा सेका (१९७६) हे वाण रोगास पुष्कळ अंशी तोंड देऊ शकले व त्यांनी जुन्या स्टायलोची जागा घेतली.

सुबाभूळ : मूळची मेक्सिकोची सुबाभूळ ही झुडूपवजा शिंबावंत वनस्पती प्रथिनांनी समृद्ध, खोल मुळांची व दीर्घायू आहे. हटन यांचा कनिंगहॅम हा वाण १९७६ मध्ये प्रसारित झाला. परंतु तिच्यातील मिमोसीन या द्रव्यापासून रोमंथिकेत तयार होणाऱ्या पदार्थामुळे गुरांना गलगंड होई, केस झडत व वजन घटे. हवाई बेटांवरील शेळ्यांना मात्र असा त्रास होत नव्हता. त्यांच्या रोमंथिकेत या विषाचे विघटन करणारे सूक्ष्मजंतू असले पाहिजेत, असे अनुमान रेमंड जोन्स यांनी केले. १९८० नंतरच्या दशकात ते सूक्ष्मजंतू ऑस्ट्रेलियातील गुरांत यशस्वीपणे संक्रमित करण्यात आले. १९९२ मध्ये त्यांतील एका सूक्ष्मजंतूस जोन्स यांच्या सन्मानार्थ सिनर्जिस्टीस जोनेसाय असे नाव मिळाले. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेल्या एका रसशोषक कीटकाने दमट भागातील लागवडीस अडथळा आणला, तरी कोरड्या अंतर्भागात सुबाभूळ टिकून राहिली. चराईतून सुटलेली सुबाभूळ ओढ्यांच्या काठी तणाप्रमाणे माजते, हा तिचा दोष होय.

ब्रिगेलो जमिनींचा ऱ्हास : १९६० नंतर मध्य क्वीन्सलँडमधील ब्रिगेलो या बाभूळवर्गीय वृक्षांची वने मोठ्या प्रमाणावर तोडून तेथे आफ्रिकी गवतांची कुरणे करण्यात आली. पहिली काही वर्षे उत्पादन उत्तम आले. जमिनीत साठलेला नायट्रोजन वनतोडीनंतर मुक्त होत होता, हे त्याचे कारण. पुढे उपलब्ध नायट्रोजन गवताच्या मुळांत व कुजणाऱ्या अवशेषांत अडकून पडला आणि उत्पादन सु. निम्म्यावर आले. नायट्रोजनाचा जुना साठा ज्या वृक्षांखाली जमला होता ते स्वतः शिंबावंत होते आणि आज त्याच जमिनींसाठी सुबाभूळ व तत्सम शिंबावंत वनस्पतींची शिफारस करण्यात येते.

भारतातील प्रसार : झाशी येथे १९६२ मध्ये भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्था स्थापन झाली, तेथे व अन्यत्र स्टायलोच्या जातींची पारख झाली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. येथील बरीच चराऊ जमीन सामाईक असल्याने खताचा मार्ग तिला लागू पडत नाही. खताचा खर्च एकाने सोसावा आणि चारा सर्वांच्या गुरांनी खावा, अशी तेथील स्थिती असते. बी पेरून चराईबंदी पाळणे शक्य असते. पण ती बंदी गावाने एकमताने पाळली तरच वनस्पती टिकते.

मूल्यमापन : खताच्या अतिरेकाने जमीन आम्ल होते, नायट्रेट भूजलात झिरपते आणि नायट्रस ऑक्साइड वायू हवेत जातो. या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २७० पट आहे. शिंबावंत वनस्पतींचे प्रमाण फार वाढल्यास त्यांच्यामुळेही जमीन सावकाश आम्ल होते. तेव्हा एक मार्ग निर्दोष व दुसरा सदोष, असा निर्णय इतिहास देत नाही. खताचा नायट्रोजन त्वरित मिळतो व पैसा संपताच थांबतो. शिंबावंत वनस्पतींचा नायट्रोजन सावकाश येतो आणि त्यांना फॉस्फरस, योग्य सूक्ष्मजंतू व चराईतील संयम मिळेल तोवरच येत राहतो. टाउन्सव्हिल स्टायलोचा नाश, सिराट्रोचा लोप व ब्रिगेलो जमिनींचा ऱ्हास या तिन्ही घटनांत, कुरण एकदा सुधारले की ते तसेच राहील ही समजूत चुकीची ठरली.