बेळगाव ब्रिगेडचे मेसोपोटेमियातील दिवस

बेळगावच्या छावणीत १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. पण त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, बेळगावचे नाव परदेशी गेले होते. हिंदी सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये पुणे, अहमदनगर व बेळगाव अशा तीन ब्रिगेडी होत्या. अठरावी ब्रिगेड ती बेळगावची. तीत ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. १०३वी व ११७वी या मराठा पलटणी उरलेल्या दोन ब्रिगेडींत होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये बेळगाव ब्रिगेड बसऱ्याच्या मोहिमेवर उतरली. तिच्या लढायांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते शिपायाचे रोजचे जिणे.

प्रथम एका शब्दाचा विचार केला पाहिजे. हिंदुस्थानात त्या युद्धात सक्तीची लष्करभरती नव्हती. म्हणून हे सर्व शिपाई कायद्याने स्वेच्छेने गेलेले होते. पण ही स्वेच्छा कोणत्या मातीतून उगवली? पायदळातील शिपायाचा मासिक पगार अकरा रुपये होता. अवर्षणाच्या मुलखातील धाकट्या भावाला ही रक्कम थोडी नव्हती. घरच्या जमिनीत वाटेकरी अनेक, पीक पावसाच्या भरवशावर, आणि सावकाराची वही उघडी. अशा घरातून गेलेला तरुण स्वेच्छेने गेला असे म्हणावे, की परिस्थितीने पाठविला असे म्हणावे? आमच्या मते दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यातील एकच सांगणारा इतिहास अर्धाच इतिहास होय.

मेसोपोटेमियातील दिवस मुख्यतः चिखल, उष्मा, माश्या आणि वाट पाहणे यांत जात. उन्हाळ्यात तंबूत बसवत नसे. हिवाळ्यात तैग्रिसचे पाणी चढून खंदक भरत. भाकरी व भातावर वाढलेल्या माणसाला शिध्यात पीठ, डाळ, तूप व गूळ मिळे. पण गावचा दिवस ज्या गोष्टींनी ओळखला जातो, त्या पेरणी, जत्रा, सोयरीक यांतले तेथे काही नव्हते. घरची वार्ता केवळ पत्रातून येई. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे. तो सांगे आणि दुसरा लिही. गावीही पत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे. नवराबायकोच्या दोन शब्दांमध्ये लिहिणारा, तपासणारा आणि वाचणारा अशी तीन परकी माणसे उभी असत. फ्रान्समधील हिंदी शिपायांच्या पत्रांतील उतारे तपासनीसांच्या कचेरीने जतन केले, पण ते इंग्रजी भाषांतरात. ज्या बोलीत ते शब्द उच्चारले गेले ती बोली बहुतांशी लोपली.

डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कूट येथे वेढली गेली. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत टिकला. बाहेरून सुटकेसाठी झालेल्या प्रयत्नांत सुमारे तेवीस हजार सैनिक मृत वा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. आत भाजीपाला संपला आणि हिंदी शिपायांत रक्तपितीचा रोग पसरला. घोडे मारून मांस वाटण्यात येऊ लागले, तेव्हा बहुसंख्य हिंदू व मुसलमान शिपायांनी ते नाकारले. हिंदुस्थानातील धर्मप्रमुखांची अनुज्ञा तारेने मागविण्यात आली. तरीही शिपायांचा संकोच सुटेना. कारण परत गेल्यावर गाव काय म्हणेल, आपल्या मुलींना कोण पत्करील, ही धास्ती होती. मोठ्या प्रमाणावर मांस खाल्ले गेले ते एप्रिलमध्ये, जेव्हा रोजचे पीठ सुमारे चार औंसांवर आले होते.

धर्मसेवेत असलेल्या आपण या प्रसंगापाशी थांबावे. भुकेने खंगलेला तो शिपाई हट्टी नव्हता. हजारो कोसांवरही तो आपल्या गावच्या पंगतीतच बसलेला होता, आणि त्या पंगतीतून उठविले जाण्यापेक्षा त्याला मरण सोपे वाटले. माणसाचा धर्म आणि माणसाचे गाव किती घट्ट विणलेले असतात, हे कूटने दाखविले. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार जण कैदी झाले. त्यांत हिंदी बहुसंख्य होते. अधिकाऱ्यांपासून वेगळे काढून शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले, आणि अनेकांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामास जुंपले. वाटेवर कित्येक मरून पडले.

त्याच युद्धात आणखी एक प्रकारचे स्वयंसेवक फ्रान्स व मेसोपोटेमियात होते: वाय.एम.सी.ए.चे कार्यकर्ते. त्यांच्या तंबूंत चहा, खेळ, कागद व शाई असे, आणि निरक्षर शिपायासाठी पत्र लिहून देणारा माणूस असे. फ्रान्समध्ये हिंदी शिपायांत ख्रिस्ती धर्माचा उपदेश करावयाचा नाही, अशी अट त्यांच्यावर होती; ती मान्य करून त्यांनी सेवा केली. उपदेशाविना केलेल्या सेवेने साक्ष उणी होते काय? दुसऱ्याचे दुःख त्याच्याच शब्दांत, स्वतःचा एक शब्दही न मिसळता, कागदावर उतरविणे ही सेवा लहान नव्हे.

दख्खन व कोकणातील अनेक गावांत त्या युद्धाची संगमरवरी पाटी आढळते. गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत एवढेच तीवर असते. नाव एकही नसते. १९२९ मध्ये उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांची मात्र संख्याच. ही विषमता युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात कबूल केली.

आकडा ही नोंद आहे, आठवण नव्हे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, असे आपण मंडळीत वारंवार सांगतो. बेळगाव-निपाणी भागात घरभेटीस जाताना एखाद्या माजघरात जुने पदक वा पेन्शनीचा कागद दिसला, तर तो कोणाचा, हे अवश्य विचारावे आणि ते नाव लिहून ठेवावे. सांगणारे वृद्ध आहेत, आणि दर वर्षी कमी होत आहेत.