‘चियोदा’ : एका बदली नौकेचे चरित्र

युद्धनौकेच्या इतिहासाकडे चरित्र म्हणून पाहता येते, असे आम्हांस वाटते. जन्म, नामकरण, पराक्रम, वार्धक्य आणि अंत हे सारे टप्पे तिच्या वाट्यालाही येतात. आणि चरित्रकार जे गाळतो तेही.

जपानच्या ‘चियोदा’ या क्रूझरचा जन्म एका मृत्यूतून झाला. फ्रान्समध्ये बांधलेली ‘उनेबी’ ही क्रूझर डिसेंबर १८८६ मध्ये सिंगापूरहून जपानकडे निघाली आणि माणसांसह नाहीशी झाली. तिच्या विम्याच्या रकमेतून स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या गोदीत बदली नौका बांधण्यात आली. १८९० मध्ये तिचे जलावतरण झाले. नाव ठेवले ते सम्राटांचा निवास असलेल्या चियोदा किल्ल्याचे. ‘चियो’ म्हणजे हजार पिढ्या. जिच्या आधीची नौका मायदेशही पाहू शकली नाही, तिला चिरंतनाचे नाव मिळावे, यातला विरोधाभास वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

सुमारे २,४०० टनांच्या या नौकेच्या जलरेषेवर पोलादी चिलखताचा पट्टा होता. म्हणून तिची गणना जपानच्या आरंभीच्या चिलखती क्रूझरांत होते. तिच्यावर अवजड तोफ एकही नव्हती. होत्या त्या आर्मस्ट्राँगच्या १२० मिलिमीटरच्या दहा शीघ्रगती तोफा. १८८७ च्या ब्रिटिश चाचणीत अशा तोफेने एका मिनिटाच्या आत दहा गोळे डागले होते. त्याच काळात जपानने ‘मात्सुशिमा’सारख्या तीन नौकांवर ३२० मिलिमीटरची एकेक प्रचंड फ्रेंच तोफ चढवली. १७ सप्टेंबर १८९४ रोजी यालूच्या लढाईत ‘चियोदा’ ‘मात्सुशिमा’च्या पाठोपाठ रांगेत होती. त्या प्रचंड तोफांनी दिवसभरात मोजकेच गोळे डागले. चिनी नौकांचे पृष्ठभाग पेटवले ते लहान, शीघ्रगती तोफांनी.

चरित्रातले गाजलेले प्रकरण १९०४ चे. कोरियातील चेमुल्पो (आजचे इंचॉन) बंदरात ‘चियोदा’ रशियन ‘वार्याग’ व ‘कोरेयेत्स’ यांच्या शेजारी नांगरून होती. ७ फेब्रुवारीच्या रात्री ती अंधारात निसटली आणि येणाऱ्या जपानी ताफ्याला मिळाली. ८ तारखेला सैन्य किनाऱ्यावर उतरू लागले. ९ तारखेला लढाई झाली आणि रशियनांनी आपल्या दोन्ही नौका स्वतःच नष्ट केल्या. रशियात ‘वार्याग’वर गाणी झाली, जपानमध्ये विजयोत्सव झाला. पण बंदर कोणाचे होते? कोरियाने त्याच वर्षी जानेवारीत तटस्थता जाहीर केली होती. दोन्ही बाजूंच्या वीरकथांत हा यजमान केवळ नेपथ्य म्हणून उरतो. पुढे १९१० मध्ये त्याचे राज्यच जपानने गिळले.

‘चियोदा’ने १९०५ मध्ये त्सुशिमाही पाहिली. उतारवयात पाणबुड्यांची आधारनौका होऊन १९२७ मध्ये ती सरावाचे लक्ष्य म्हणून आपल्याच आरमाराच्या हातून बुडाली. हजार पिढ्यांचे नाव चाळीस वर्षेही टिकले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने अशी चरित्रे वाचावीत ती नायकाच्या गौरवासाठी नव्हे. कथा कोणाच्या बंदरात घडते आणि त्या बंदराला बोलू दिले जाते का, हे तपासण्याची सवय त्यातून लागते. ती सवय आम्हांस तोफांच्या तपशिलाहून मोलाची वाटते.