पाव मैलाचे माप

वडील ऐंशी ओलांडल्यावर साताऱ्याहून दिल्लीला, आमच्या सरकारी वसाहतीत राहायला आले. रोज सकाळी मागच्या फाटकातून ते दूधकेंद्रापर्यंत जात. वाटेत कडुनिंबाखाली एक कट्टा होता. तेथे थोडे बसून पुढे निघत. पुढे चोऱ्यांच्या भीतीने रहिवासी समितीने ते फाटक बंद केले. ठरावावर माझीही सही होती. पुढच्या फाटकाने जायचे तर मोठा वळसा, भरधाव रस्ता, बसायला जागा नाही. पंधरवड्यात वडिलांचे फिरणे थांबले. विचारले तर म्हणत, "गुडघे दुखतात रे."

गुडघे तर आधीही दुखत होते. म्हणून मी वसाहतींचा इतिहास चाळू लागलो.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या नियोजनासाठी क्लॅरेन्स पेरी यांनी शेजारवस्तीची कल्पना मांडली. मध्यभागी प्राथमिक शाळा आणि तिच्यापासून साधारण पाव मैलाच्या आत घरे, म्हणजे मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. दिल्ली विकास प्राधिकरण १९५७ मध्ये स्थापन झाले. १९६२ च्या बृहद् आराखड्यात हीच कल्पना उतरली. अंतराचे माप होते ते मुलाच्या पावलाचे. वृद्धाच्या पावलाचा विचार त्यात नव्हता, आणि त्यासाठी नियोजनकारांना दोष देणे मला जमत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. सरकारी घरात राहणारा कारकून निवृत्त झाला की घर सोडून गावी जाई. २०११ च्या जनगणनेत मात्र साठीपुढची माणसे १० कोटींच्या वर गेली. त्यांतली कित्येक आता मुलांच्या घरी, परक्या शहरात राहतात.

गंमत अशी की, पूर्वीच्या विनयनगरसारख्या (आजचे सरोजिनी नगर) बैठ्या वसाहती न ठरवताही वृद्धांना सोयीच्या झाल्या होत्या. बाजार जवळ, मैदान समोर, झाडे मोठी. २०१६ मध्ये अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. २०१८ मध्ये वृक्षतोडीवरून आंदोलन झाले व उच्च न्यायालयाने ती थांबवली. त्या दिवसांत मला झाडांपेक्षा त्यांच्या सावलीतून काठी टेकत जाणारी माणसेच अधिक आठवत होती.

कोणी लोदी गार्डनकडे बोट दाखवील. १९३६ मध्ये खैरपूर गावाला हलवून ते उद्यान झाले. १९६८ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. उद्यान देखणे आहे, यात शंका नाही. पण तेथे फिरायला येणारे पुष्कळ निवृत्त अधिकारी मोटारीने येतात! अर्थशास्त्राच्या भाषेत, चालण्याचीही एक किंमत असते. वय वाढते तशी प्रत्येक पायरीची, प्रत्येक वळशाची किंमत चढत जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. आमच्या पुढच्या रस्त्यावरचा पदपथ मी फूटपट्टीने मोजला. २६० भरला.

असो. फाटक उघडावे म्हणून मी समितीला अर्ज दिला. आपणच सही केलेल्या ठरावाविरुद्ध अर्ज लिहिताना भाषा फार जपून वापरावी लागते. चौदा महिन्यांनी फाटकाला छोटी दिंडी बसली, सकाळी सहा ते नऊ उघडी.

पहिल्या दिवशी वडील माझ्याबरोबर निघाले. कट्ट्यापर्यंत आले, बसले. दूधकेंद्र तेथून समोर दिसते. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.