तारेचा धनी आणि पेटीतला मोडेम

एखादा भाग यंत्राच्या बाहेर राहावा की आत बसावा, हा कारागिराचा प्रश्न आहे असे आपण धरून चालतो. मोडेमच्या बाबतीत तो आधी मालकीचा प्रश्न होता, आणि तो सुटला तेव्हा कुठे कारागिराने स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतला.

अमेरिकेत टेलिफोनचे खांब, तार आणि घरातले यंत्रसुद्धा बहुतेक ठिकाणी बेल कंपनीचे. परके काहीही तारेला जोडायचे नाही, असा तिचा दंडक. म्हणून मोडेमने तारेला शिवायचे नाही. रिसीव्हर रबरी वाट्यांत पालथा घालायचा आणि यंत्राने त्याच्या कानात शिट्टी वाजवायची, असा सोवळ्याओवळ्याचा प्रकार चाले. टेक्सासच्या टॉमस कार्टरचे उपकरण रेडिओवरचे बोलणे टेलिफोनपर्यंत पोचवी. कंपनीने त्यालाही हरकत घेतली. कार्टर लढला, आणि १९६८ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने त्याच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने लगेच मधे आपलाच ‘संरक्षक’ डबा बसवण्याची अट घातली, अर्थात भाडे घेऊन! हरल्यावर अट घालणारे मालक आम्हांला नवे नाहीत. हा डबा नोंदणीच्या नियमांनी हटेपर्यंत १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

त्यानंतरच मोडेम पेटीत शिरला. १९८२ च्या ग्रिड कंपासमध्ये तो होता. पण आठ हजार डॉलरांहून महाग वस्तू आपल्यासारख्यांची नव्हे. १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० मात्र चार लहान बॅटऱ्यांवर चाले आणि बातमीदाराच्या पिशवीत मावे. त्याचा मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवी, म्हणजे सुमारे ३० अक्षरे. ४,२०० अक्षरांची बातमी जायला २ मिनिटे २० सेकंद. त्याच्या कडेला एक खटका होता: एकीकडे थेट तार, दुसरीकडे रबरी वाट्या. हॉटेलातल्या फोनची तार भिंतीतच पक्की केलेली असली, की जुन्या वाट्याच उपयोगी पडत.

१९९१ च्या ॲपल पॉवरबुक १७० मध्ये मोडेम घातलेलाच येई; १४० मध्ये तो मागाहून बसवता येई. बॅटरी काढायची, चांदणीच्या खाचेचे स्क्रू सोडायचे, दोन अर्धी उचलताना मधली पट्टीसारखी केबल ताणू द्यायची नाही. अंगातली स्थिर वीज आधी धातूला हात लावून उतरवायची. मग कार्ड जोडणीत सरळ दाबायचे. तिरके दाबले तर पिना वाकल्याच. काम थोडक्या वेळाचे, पण हात थरथरवणारे.

पूर्वी बातमीदार फोनवरून मजकूर सांगे आणि कचेरीत कोणी तो टंकून घेई. पुढे कंपोझिटर तो पुन्हा जुळवी. पेटीतल्या मोडेमने हे हात गाळले. न्यूयॉर्कच्या टायपोग्राफिकल युनियन क्रमांक ६ ने मात्र वेळ ओळखली होती. बर्ट्रॅम पॉवर्स यांच्या नेतृत्वाखाली तिने १९७४ साली नव्या यंत्रांना वाट दिली आणि त्या बदल्यात कामावर असलेल्या कंपोझिटरांना जन्मभराच्या नोकरीची हमी लिहून घेतली. १९७८ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने शिशाची पाने लावणे थांबवले. पाच वर्षांनी मॉडेल १०० बाजारात आला, तेव्हा त्यावरून आलेली बातमी शिशात जुळवायला तिथे कोणी बसलेले नव्हते. पण ती हमी अजून लागू होती.