लांबून बघायची चित्रं

रस्त्याचा पडदा मागं सोडलेला असला की नटानं त्याच्या फार जवळ जायचं नाही. गेला तर चित्रातल्या दुमजली वाड्यापेक्षा तोच उंच दिसायचा. संगीत नाटकांच्या काळात हे गणित पडदा रंगवणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं लागे. जंगल, राजवाडा, तुरुंग, सगळं कापडावर. आणि कापड रोज गुंडाळायचं, म्हणून रंगाचा थर जाड देऊन चालत नसे, तडे जात. वर बत्तीचा पिवळा उजेड. त्यात निळा मरतो.

आमच्या कोल्हापुरात या कामात आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. घराणं मेस्त्रींचं, पेंटर हे नाव धंद्यानं चिकटलं. 1916 मध्ये आनंदराव गेले. दोघांनी आरंभलेला देशी कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. मला मात्र सिनेमापेक्षा त्यांची पोस्टर्स मोठी वाटतात. ‘कल्याण खजिना’चं 1924 चं पोस्टर छापील पुस्तकात बघून भागत नाही, ते भिंतीवर डकवलेलं, चालत्या माणसाला थांबवणारं असं डोळ्यांपुढं आणावं लागतं.

त्याच गावात आबालाल रहिमान रंकाळ्याकाठी, कोटीतीर्थावर बसून जवळून बघायची चित्रं काढत होते. संध्यामठाचं पाणी त्यांच्याइतकं कुणाला साधलं नाही. पण चित्र कुठं लागणार, याची फिकीर त्या माणसाला होती असं वाटत नाही. मला ते जमलं नसतं.

मी बोर्ड रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या गॅदरिंगचे पडदे, तालमीच्या गणपतीचे देखावे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं : भिंत कुठली, ऊन कुठून येतं, माणूस चालत जाणार का एसटीतनं? त्यावर अक्षराची जाडी ठरते. फ्लेक्स आल्यावर हे विचारणारं कुणी उरलं नाही. रात्रीत छापतात, पावसाळ्यापर्यंत टिकलं तरी पुरे.

आता शाहू स्मारकाच्या कलादालनात आम्हा जुन्या पेंटरांची कामं मांडायचं चाललंय. पोरं उत्साही आहेत. म्हणाली, मामा, फ्रेम करून द्या. माझ्याकडं सांभाळलेलं आहे ते मांजरपाटावरचं एक जंगल, चौदा फूट रुंद. फ्रेम कशाची करू? मी त्यांना दालनाची उंची मोजून आणायला सांगितलंय. दोन बांबू आणि सुतळी मी देतो. समोर मोकळी जागा तेवढी ठेवा म्हटलं, आणि खुर्च्या अगदी मागच्या भिंतीला लावा.