नको असलेला कळफलक : बंद करणे वेगळे, काढून टाकणे वेगळे

नवा स्मार्टफोन सुरू केला की कॅमेरा, घड्याळ, दिनदर्शिका यांच्याबरोबर लिहिण्याचे साधनही त्यात आधीपासूनच बसवलेले आढळते. पडद्याच्या खालच्या भागात उमटणारा हा कळफलक, म्हणजेच कीबोर्ड, संगणकापुढील बटणांच्या पाटीसारखी निर्जीव वस्तू नसतो. ते एक स्वतंत्र ॲप असते. त्याला स्वतःचा साठा असतो, ते अद्ययावत होत राहते, आणि बहुतेक वेळा इंटरनेटशी संपर्कही साधते. अनेक संचांत असे दोन किंवा तीन कळफलक एकाच वेळी नांदत असतात. एक गूगलचा जीबोर्ड, दुसरा संच बनवणाऱ्या कंपनीचा आणि तिसरा तिने ज्या कंपनीशी करार केला असेल तिचा. सॅमसंगच्या अनेक संचांत कंपनीच्या स्वतःच्या कळफलकाशेजारी मायक्रोसॉफ्टचा स्विफ्टकी दिसतो. शाओमीने २०१९ मध्ये बॉबल या भारतीय कंपनीच्या सहकार्याने मिंट कीबोर्ड बाजारात आणला होता.

ग्राहकाला यांपैकी एकच हवा असतो. उरलेले जागा अडवतात, स्टिकर व जाहिराती पुढे करतात आणि लिहिताना चुकून बोट लागले की अनोळखी मांडणी समोर आणून ठेवतात. परंतु अडचण एवढ्यापुरतीच असती तर तिची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते.

कळफलक जे पाहतो

फोनवर टंकलेले प्रत्येक अक्षर आधी कळफलकाच्या हाती पडते आणि मगच ते निरोपाच्या, ई-मेलच्या किंवा बँकेच्या ॲपपर्यंत पोहोचते. संवाद कितीही सांकेतिक रूपात पाठवला जात असला, तरी ते कुलूप पुढच्या टप्प्यावर लागते. कळफलकासमोर मजकूर उघडाच असतो. पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपके दिसतात, ते शेजारून डोकावणाऱ्यासाठी. कळफलकाला मूळ अक्षरे ठाऊक असतात. यास भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा अपवाद आहे. यूपीआयचा पिन ज्या पृष्ठावर टाकला जातो, तेथील अंकांची चौकट राष्ट्रीय देयक महामंडळाच्या सामायिक प्रणालीची असते. फोनमधील कळफलकाचा तेथे संबंध येत नाही. मात्र नेटबँकिंगचा पासवर्ड, कार्डाचा क्रमांक, आधार क्रमांक आणि खासगी पत्रव्यवहार यांना हे संरक्षण नाही.

अँड्रॉइड प्रणालीत बाहेरचे कळफलक वापरण्याची सोय २००९ मधील १.५ या आवृत्तीपासून आहे. असा कळफलक सुरू करताना प्रणाली इशारा देते, की हे साधन पासवर्ड व कार्ड क्रमांकांसह टंकलेला सर्व मजकूर गोळा करू शकते. इशारा योग्यच आहे. पण अँड्रॉइडच्या मूळ रचनेत तो कारखान्यातून बसवून आलेल्या कळफलकासाठी दाखवलाच जात नाही. जो ग्राहकाने स्वतः निवडला त्याच्याविषयी सावधगिरीची सूचना, आणि जो न विचारता आला त्याच्याविषयी मौन, असा हा विचित्र न्याय आहे. इंटरनेट वापरण्याची परवानगीदेखील अँड्रॉइडमध्ये ॲपला आपोआप मिळते. कॅमेरा किंवा मायक्रोफोनप्रमाणे ती विचारली जात नाही.

हा धोका कागदोपत्री नाही, हे जून २०१५ मध्ये स्पष्ट झाले. नाऊसिक्युअर या सुरक्षा कंपनीचे संशोधक रायन वेल्टन यांनी सॅमसंगच्या गॅलेक्सी संचांतील मूळ कळफलकात गंभीर त्रुटी असल्याचे जाहीर केले. स्विफ्टकीच्या तंत्रावर बेतलेला हा कळफलक भाषांचे शब्दसंच इंटरनेटवरून उतरवून घेत असे. ही वाहतूक सांकेतिक रूपात होत नव्हती. त्यामुळे त्याच वाय-फाय जाळ्यावर बसलेल्या हल्लेखोराला शब्दसंचाच्या जागी स्वतःचा मजकूर घुसवता येत होता. त्यातच या कळफलकाला प्रणालीच्या पातळीवरील व्यापक अधिकार बहाल केलेले होते. ६० कोटी संचांना याची झळ पोहोचू शकते, असा कंपनीचा अंदाज होता. नाऊसिक्युअरने सॅमसंगला याची कल्पना डिसेंबर २०१४ मध्येच दिली होती, आणि पुढे सॅमसंगने दुरुस्तीही पाठवली.

या प्रकरणातील खरी बोचणारी बाब वेगळीच होती. ज्यांनी तो कळफलक बाजूला सारून दुसरा निवडला होता, त्यांचेही संच सुरक्षित नव्हते. कळफलक वापरात नसला तरी तो संचात जिवंत होता आणि आपले शब्दसंच अद्ययावत करण्याचे काम पार पाडत होता. तो काढून टाकण्याची सोय ग्राहकाला दिलेली नव्हती.

टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवालही याच जातीचा आहे. चिनी भाषा रोमन अक्षरांतून टंकण्याच्या पिनयिन पद्धतीचे, सर्व्हरकडून सूचना मागवणारे ९ कंपन्यांचे कळफलक तपासले असता ८ कंपन्यांच्या कळफलकांत टंकलेला मजकूर वाटेत वाचता येण्याजोग्या त्रुटी सापडल्या. हुआवेचा कळफलक तेवढा निर्दोष आढळला. हा प्रकार चिनी वापरकर्त्यांपुरता होता. मराठी टंकनाशी त्याचा थेट संबंध नाही. मात्र तपासलेल्यांत फोनबरोबरच येणारे कळफलकही होते, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

‘बंद’ या शब्दाच्या चार पायऱ्या

सर्वसामान्य वापरकर्ता दुसरा कळफलक निवडतो आणि पहिला बंद झाला असे समजतो. वस्तुतः ही केवळ पहिली पायरी आहे. तिने नेहमीचा कळफलक बदलतो, एवढेच.

दुसरी पायरी कळफलकांच्या यादीत आहे. अँड्रॉइडच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ व त्याखाली ‘कीबोर्ड’ किंवा ‘भाषा आणि इनपुट’ या सदरात ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ सापडतो. सॅमसंगच्या संचांत ही यादी ‘जनरल मॅनेजमेंट’मध्ये, तर शाओमीच्या संचांत ‘ॲडिशनल सेटिंग्ज’मध्ये असते. आवृत्तीगणिक नावे थोडीफार बदलतात. अशा वेळी सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘कीबोर्ड’ हा शब्द टाकणे सोपे पडते. तेथील खटका बंद केला की तो कळफलक लिहिण्यासाठी पुढे येत नाही, आणि लिहिलेला मजकूरही त्याच्या हाती जात नाही. मात्र त्याचे ॲप संचात कार्यक्षम असते व पार्श्वभूमीवर आपली इतर कामे करू शकते. काही वेळा खटका करडा दिसतो व हलत नाही. प्रणाली स्वतःचा किमान एक कळफलक सुरू ठेवण्याचा आग्रह धरते, त्यामुळे असे होते.

तिसरी पायरी म्हणजे ॲप अक्षम करणे. ‘ॲप्स’च्या यादीत त्या कळफलकाचे पान उघडल्यावर ‘अनइन्स्टॉल’ हे बटण असेल, तर प्रश्नच मिटला. तो साध्या ॲपप्रमाणे निघून जातो, आणि करारातून आलेले बरेच कळफलक असे निघतात. त्या जागी ‘डिसेबल’ किंवा ‘अक्षम करा’ असेल, तर तो दाबावा. ही सोय २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून आली. अक्षम केलेले ॲप चालू होऊ शकत नाही, यादीत दिसत नाही आणि पार्श्वभूमीवर काम करत नाही. २०१५ सारख्या प्रसंगात याच पायरीला अर्थ आहे. येथे एक खबरदारी आवश्यक ठरते. त्याच पानावरील ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ने ॲप जात नाही, ते कारखान्यातील जुन्या आवृत्तीवर परतते. त्यानंतर अक्षम करायचे राहून गेले, तर दुरुस्त झालेल्या त्रुटी पुन्हा अंगावर घेतल्यासारखे होते.

चौथी पायरी संगणकाच्या साहाय्याने चढावी लागते. अक्षम करण्याचे बटणच नसेल, तेव्हाच तिचा विचार करावा. फोनच्या माहितीपानावरील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करून गूगलच्या ‘एडीबी’ या साधनाद्वारे संचाला आज्ञा देता येतात. ‘पीएम डिसेबल-यूझर’ ही आज्ञा ॲप अक्षम करते, तर ‘पीएम अनइन्स्टॉल’ ही आज्ञा ‘यूझर झिरो’ या मुख्य खात्यापुरती ते काढून टाकते. पहिली अधिक सौम्य असल्याने तीच आधी वापरणे श्रेयस्कर. दुसरीनेही ॲपची मूळ प्रत मिटत नाही. ती फोनच्या ज्या भागात वापरकर्त्याला लिहिता येत नाही, त्या प्रणालीच्या विभागात पडून राहते. म्हणून पश्चात्ताप झाल्यास ‘इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ या आज्ञेने ती परत आणता येते. जागा वाचवण्याच्या हेतूने कोणी हा उद्योग करत असेल, तर पदरी निराशाच येईल. काम झाल्यावर डीबगिंग बंद करावे. ते चालू दिसल्यास काही बँकांचे ॲप उघडण्यास नकार देतात. ‘रूट’ करून मूळ प्रतच पुसण्याचा मार्गही आहे. पण त्याने हमी धोक्यात येते, बँकिंग ॲप बिथरतात, आणि एका कळफलकासाठी एवढी किंमत मोजणे शहाणपणाचे नाही.

कुलूप आतून लागण्याचा प्रसंग

कळफलक काढताना होणारी सर्वांत मोठी चूक पुन्हा सुरू होणाऱ्या फोनसमोर लक्षात येते. अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, संच पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदा कुलूप उघडेपर्यंत केवळ त्या अवस्थेसाठी तयार केलेली ॲप चालू शकतात. बाहेरून घेतलेला प्रत्येक कळफलक तसा असतोच असे नाही. फोनचे कुलूप अक्षरांच्या पासवर्डचे असेल आणि प्रणालीचा एकही कळफलक शिल्लक नसेल, तर पासवर्ड पाठ असूनही तो टाकायचा कसा, हा पेच उभा राहतो. अंकी पिनच्या बाबतीत असे घडत नाही, कारण त्याची अंकचौकट कुलपाच्या पडद्याचाच भाग असते. त्यामुळे कळफलकांशी खेळण्यापूर्वी कुलूप अंकी पिनचे करावे, नवा कळफलक बसवून संच एकदा बंद-सुरू करून पाहावा, आणि प्रणालीचा किमान एक कळफलक कायम ठेवावा.

मराठी लिहिणाऱ्यास आणखी एक चाचणी घ्यावी लागते. ‘मराठी उपलब्ध’ अशी पाटी असूनही काही कळफलक प्रत्यक्षात हिंदीची मांडणी पुढे करतात. ‘ळ’ सहज सापडतो का, ‘ॲ’ एका अक्षरात उमटतो का, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद लिहिता येतो का, हे तीन प्रश्न विचारले की खरे-खोटे कळते. इंटरनेटची परवानगीच न मागणारा कळफलक हवा असल्यास हेलीबोर्ड हा मुक्त स्रोताचा पर्याय आहे. भारतीय भाषांसाठी स्वयंसेवकांनी विकसित केलेला इंडिक कीबोर्डही मुक्त स्रोताचा असून त्यात मराठी आहे. रोमन अक्षरांतून मराठी टंकण्याची किंवा बोलून लिहिण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना मात्र जीबोर्ड सोडणे जड जाईल, हे मान्य केले पाहिजे.

भारतात विकल्या जाणाऱ्या संचांत भारतीय भाषांचे कळफलक आधीच बसवलेले असण्यामागे एक चांगले कारणही आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस १६३३३ (भाग ३)’ या मानकानुसार इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिण्याची आणि सर्व २२ अनुसूचित भाषा वाचण्याची सोय हँडसेटमध्ये अपेक्षित आहे. मात्र ही सोय पुरवण्यासाठी न काढता येणारे दोन-तीन कळफलक लागतात, असे त्यातून निघत नाही.

काढण्याचा हक्क कायद्याने द्यावा का, यावर देशोदेशी वेगवेगळी उत्तरे आली आहेत. दक्षिण कोरियाने जानेवारी २०१४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यानुसार मार्च २०२४ पासून मोठ्या प्रणालीधारक कंपन्यांना ॲप सहज काढू देणे बंधनकारक आहे. त्यातून प्रणालीसाठी अत्यावश्यक असलेली ॲप तेवढी वगळलेली आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना गूगलची आधीपासून बसवलेली ॲप काढण्यास आडकाठी करू नये, असा निर्देश दिला होता. राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण हा निर्देश रद्द ठरवला.

आयफोनची व्यवस्था निराळी आहे. तेथे बाहेरचे कळफलक सप्टेंबर २०१४ च्या आयओएस ८ पासून आले. ‘जनरल’, ‘कीबोर्ड’, ‘कीबोर्ड्स’ या मार्गाने नको ती भाषा वा इमोजीचा कळफलक यादीतून वगळता येतो. ॲपलची मूळ कळफलक-यंत्रणा मात्र निघत नाही. पासवर्डच्या चौकटीत बाहेरच्या कळफलकाला प्रवेश नसतो, आणि ‘फुल ॲक्सेस’ दिल्याखेरीज त्याला इंटरनेटही मिळत नाही.

कळफलक घालवण्यापूर्वी त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शिकलेले शब्द पुसावेत, आणि त्यात खाते उघडलेले असल्यास तेही रद्द करावे. ॲप गेले म्हणून कंपनीच्या सर्व्हरवरील माहिती जात नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एआय.टाइप या कळफलकाच्या सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती पासवर्डविना उघड्या राहिलेल्या साठ्यात आढळली होती. प्रणालीची नवी आवृत्ती आली, की कळफलकांची यादी पुन्हा एकदा पाहून घ्यावी. फोन कारखान्याच्या स्थितीत नेला, तर अक्षम केलेले व एडीबीने काढलेले सर्व कळफलक परत येतात, आणि ही सारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.